नोंदीबाहेरची आमटी

श्रीरंगचा जोडीदार म्हणून दर्शना पेडणेकरचं नाव लिहिलं गेलं, तेव्हा मी त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते.

वस्तीच्या दवाखान्यातली परिचारिका इंगर फॉर्म भरता भरता थांबली आणि तिने मला नियम समजावून सांगितला. हिमनदीवर जाणाऱ्या मधुमेही माणसाचा जोडीदार संशोधन केंद्राचा कर्मचारी हवा आणि त्याला बंदूक चालवता यायला हवी, कारण तिकडे पांढरी अस्वलं फिरतात. मी यांपैकी काहीच नव्हते. मी तीन आठवड्यांसाठी आलेली बायको होते. मग तिने माझ्या मनगटातलं, श्रीरंगची साखर दाखवणारं कडं काढून घेतलं, स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं आणि दर्शनाच्या मनगटात अडकवलं.

"काळजी करू नका वहिनी," दर्शना म्हणाली. "मोहीम संपली की धुऊनपुसून परत करते. कडं पण आणि सर पण."

श्रीरंग हसला. मीही हसले. माझं मनगट कड्याच्या जागी गोरं दिसत होतं. मी स्वेटरची बाही खाली ओढली.

ही वस्ती स्वालबार्डच्या बेटांवर, उत्तर ध्रुवापासून बाराशे किलोमीटरवर आहे. एप्रिल संपत आला होता आणि सूर्य मावळायचा बंद झाला होता. तो आकाशाच्या कडेने नुसता फेरी मारायचा. निरनिराळ्या देशांची लाकडी घरं, त्यांत एक आपलं, आणि वस्तीच्या टोकाला दोन प्रचंड तबकड्या. अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असलेल्या ताऱ्यांसारख्या तेजस्वी ठिपक्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या ऐकतात आणि त्यावरून पृथ्वीची फिरकी मोजतात. या लहरी इतक्या क्षीण असतात की शेजारी एक मोबाइल चालू असला तरी त्या बुडून जातील. म्हणून वस्तीत मोबाइल नाही, वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. संगणक तारेला बांधलेले. अस्वलाची किंवा अपघाताची खबर देण्यासाठी कमी वारंवारतेचा एक जुना रेडिओ पहारेकऱ्याच्या खोलीत, आणि त्याच्याशी बोलणारा दुसरा संच मोहिमेवर जाणाऱ्यांकडे.

अशा ठिकाणी श्रीरंगला येता आलं ते त्याच्या चकतीमुळे. ती दहा रुपयांच्या नाण्याएवढी आहे आणि त्याच्या डाव्या खांद्याजवळ, गळ्याच्या हाडाखाली, त्वचेच्या आत बसवलेली आहे. तिच्यात त्याच्याच त्वचेपासून वाढवलेल्या पेशी आहेत. त्यांच्यात असा बदल केलेला आहे की निळा उजेड पडला की त्या इन्सुलिन सोडतात, उजेड गेला की थांबतात. आत बारीक दिवे आहेत, साखर मोजणारा संवेदक आहे आणि दिवे कधी लावायचे हे ठरवणारा छोटा संगणक आहे. पूर्वी उत्तरेकडे जाणारे मधुमेही इन्सुलिनची कुपी बनियनच्या आत बाळगायचे, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही निकामीच असतं. चकतीत गोठण्यासारखं काही नव्हतं.

चकतीचा निरोप त्वचेतून बाहेर येतो. जोडीदाराने तळव्याला तळवा लावून दहा सेकंद धरायचं. शरीरातून गेलेला अगदी सौम्य प्रवाह मनगटातलं कडं वाचतं आणि आकडा दाखवतं. पुढे काय होणार त्याचा बाणही दाखवतं. एका चकतीशी एकच कडं बोलतं. घरी हे काम सकाळ-संध्याकाळ व्हायचं. इथल्या थंडीत दर दोन तासांनी करायचं होतं, म्हणजे दिवसातून आठ वेळा.

आठही वेळा मी तिथे असायचे असं नाही, पण बहुतेक वेळा असायचे. जेवणाच्या खोलीत, जिन्यात, बूट काढायच्या बाकावर. दर्शना अडतीस वर्षांची, वेंगुर्ल्याची, बर्फात आठ हिवाळे काढलेली. ती बोलता बोलता हात पुढे करायची आणि श्रीरंग बोलता बोलता त्यात हात द्यायचा. एकदा ती मला म्हणाली, "वहिनी, सरांचे हात काय गार असतात हो. तुम्ही घरी कसे धरता?"

"पुण्यात गरम असतात," मी म्हणाले.

आमचं लग्न झालं आणि चार महिन्यांनी श्रीरंगला मधुमेह निघाला. पहिल्या प्रकारचा, इन्सुलिनशिवाय न चालणारा. त्याला आता चोवीस वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत मी त्याची साखर सुई न टोचता ओळखायला शिकले. सत्तरच्या खाली गेली की तो हाती येईल त्या कागदाच्या घड्या घालू लागतो. बिल असो, तिकीट असो, कडेला कडा जुळवून, नखाने दाबून, लहान लहान करत जातो. त्याला स्वतःला हे माहीत नाही. पन्नासच्या खाली गेली की हट्ट सुरू होतो. मेंदूला साखर कमी पडली की आधी विचार करणारा भाग मंदावतो, त्यामुळे ज्या क्षणी खायची सर्वांत जास्त गरज असते त्याच क्षणी तो खायला नाही म्हणतो. पहिल्या वर्षी मी रडून, ओरडून पाहिलं. एकदा त्याने साखरेच्या पाण्याचा पेला माझ्या अंगावर ओतला आणि नंतर त्याला ते आठवलं नाही.

म्हणून मी त्याला खा म्हणायचं सोडून दिलं. मी स्वयंपाकघरातून हाक मारायचे, "जरा आमटीची चव बघतोस का?" ओट्यावर वेगळ्या वाटीत आमटी असायची, तीत पंधरा ग्रॅम गूळ विरघळवलेला. पंधरा ग्रॅम मी तराजूवर मोजून ठरवले होते. तो यायचा, उभ्याउभ्याच वाटी तोंडाला लावायचा, आपलं मत द्यायचा आणि परत जायचा. पाव तासात कागद टेबलावर पडलेला असायचा.

गेल्या ऑगस्टमध्ये चकती बसवली. पहिले आठ महिने ती माणसाला शिकते. तो काय खातो, किती चालतो, साखर कशी हलते, हे सगळं पाहून ती त्याच्या शरीराचं एक गणिती प्रतिरूप तयार करते आणि पुढचे निर्णय त्या प्रतिरूपाला विचारून घेते. खाल्लेलं नोंदवायचं काम श्रीरंगचं होतं आणि तो ते प्रामाणिकपणे करायचा. एक बिस्किट खाल्लं तरी नोंदवायचा. पण चव बघणं म्हणजे खाणं नव्हे. स्वयंपाकघरात उभ्याने चाखलेलं कुणाच्या घरी जेवणात धरतात?

आम्ही दोघंही बाराला जेवून कामावर जायचो, त्यामुळे साडेअकराला घरीच असायचो. प्रतिरूपाला दिसलं ते असं: सकाळी साडेअकराच्या सुमारास या माणसाची साखर घसरू लागते आणि मग, काहीही न खाता, आपोआप वर येते. ज्याचं कारण सापडत नाही ते प्रतिरूप शरीराच्याच नावावर टाकतं. त्याने ठरवलं की या माणसाचं यकृत फार तत्पर आहे. साखर उतरली की आपला साठा लगेच मोकळा करतं. आणि यकृत सावरून घेतंय म्हटल्यावर साडेअकराची घसरण थांबवायचे कष्ट त्याने घेतले नाहीत.

एवढ्या जुन्या रुग्णात असं यकृत सहसा नसतं. पुण्याच्या डॉक्टरांनी आलेख पाहून श्रीरंगची पाठ थोपटली. म्हणाले, फाटक, तुमचं यकृत विशीतलं आहे. श्रीरंगने हे वाक्य त्याच्या भावाला सांगितलं, संस्थेत सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं. सहा वर्षं तो या हिमनदीवर यायला अर्ज करत होता. तिच्या पोटात साठ मीटर खोल सोडलेल्या तापमापकांची माळ त्याने स्वतः बनवलेली होती आणि ती दुसऱ्यांनी लावली होती. आता त्याच्या यकृताच्या भरवशावर त्याला परवानगी मिळाली.

मी जीवरसायनशास्त्र शिकवते. काय चाललं आहे हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मी एक वाक्य बोलले असते तरी पुरे होतं. पण रोज संध्याकाळी श्रीरंग आलेख उघडून बसायचा, त्या रेषेवरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, बघ, चकती सांभाळते की नाही मला. तेव्हा मला वाटायचं, असू दे. तुझ्या त्या रेषेत मी आहे आणि तुला ते कळतही नाही. मला ते आवडत होतं, हे इथे स्पष्ट लिहिलेलं बरं.

केंद्रात एक छोटं स्वयंपाकघर आहे. मी रोज साडेअकराला सगळ्यांसाठी आमटी करू लागले आणि श्रीरंगला वेगळ्या वाटीतली चव बघायला बोलवू लागले. सगळे खूश होते. पहिला आठवडा आलेख पुण्यासारखाच सुरेख आला.

मग एका दुपारी दर्शना चहा घेता घेता म्हणाली, "वहिनी, सरांचं चार वाजताचं तुम्हाला ठाऊक असेलच." मला ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं की रोज चारच्या वाचनात साखर वीस-पंचवीसने वर असते, काही न खाता. तिला नवल वाटलं, म्हणून तिने त्याला विचारलं. आधी त्याने उडवून लावलं, मग सांगितलं. रोज चार वाजता तो जिन्यातल्या आगीच्या सूचनेसमोर उभा राहतो, एक डोळा झाकतो आणि खालची बारीक अक्षरं वाचतो. मग दुसरा झाकतो. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा जातो, त्याच्या आत्याचा गेला होता. भीतीने अंगात जे रसायन सुटतं ते साखर वर नेतं. त्याची रोजची तेवढी भीती आलेखात उमटत होती.

"घरी पण करतात म्हणाले," दर्शना म्हणाली. "कॅलेंडरासमोर."

मी त्याला कॅलेंडरासमोर पाहिलं होतं. कित्येकदा. डोळ्यात काही गेलं असेल असं वाटून मी पुढे गेले होते. मी त्याची साखर उतरताना ओळखायचे. चढताना मी कधी पाहिलंच नव्हतं. चोवीस वर्षांत जे मला सांगितलं नाही ते त्याने नऊ दिवस हात धरणाऱ्या बाईला सांगितलं, कारण तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी आमटी केली, पण त्याला हाक मारली नाही.

हा प्रयोग होता असं मी स्वतःला सांगितलं. केंद्रात, दवाखान्यापासून शंभर पावलांवर, धोका नव्हता. बाराच्या वाचनात दर्शनाला त्रेसष्ट दिसले. ती घाबरली नाही. तिने ग्लुकोजच्या गोळ्या दिल्या आणि त्याने त्या मुकाट्याने खाल्ल्या. मग ती त्याला इंगरकडे घेऊन गेली. सकाळी तो तासभर छपरावर यंत्रावरचा बर्फ काढत होता, बाहेर उणे सव्वीस होतं. थंडीत त्वचेकडचं रक्त आत ओढलं जातं, संवेदकापर्यंत बातमी उशिरा पोचते. आणि कुडकुडणारे स्नायू साखर भराभर खातात. दोघींनी मिळून हे कारण लिहिलं. ते शास्त्राला धरून होतं आणि चूक होतं.

खरं कारण मला एकटीलाच ठाऊक होतं. सांगितलं असतं तर परवाची मोहीम रद्द झाली असती, आणि सहा वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला मी हे कसं करू, असं मी स्वतःला विचारलं. हे कारणही वरवर बरोबर होतं. आतलं कारण एवढंच की ती वाटी मला दर्शनाला दाखवायची नव्हती.

ठरल्या दिवशी ते तिघे सकाळी आठला निघाले. श्रीरंग, दर्शना आणि बंदूक घेतलेला एक नॉर्वेजियन वाटाड्या. मी त्यांना थर्मासमध्ये आमटी दिली. श्रीरंगच्या टोपीची दोरी बांधायला मी हात वर केला, तर ती आधीच नीट बांधलेली होती.

हिमनदीवरून रेडिओ दहाला आणि बाराला बोलतो. दहाला मी पहारेकऱ्याच्या खोलीबाहेर उभी होते. आतून दर्शनाचा आवाज आला, एकशे बारा, सगळं ठीक. मी आत गेले नाही. तेवढा आकडा मला पुरेसा वाटला. किंवा तो पुरेसा आहे असं मी ठरवलं. त्यानंतरचे दोन तास मी मोजे रांगेत वाळत घालत होते आणि पुन्हा काढत होते.

बाराला मी आत जाऊन बसले. पहारेकरी ओडवार हा साठीचा गप्प माणूस. त्याने मला खुर्ची सरकवली. दर्शना इंग्रजीत बोलत होती. शहाऐंशी, बाण वर, वीस मिनिटांत आणखी चढेल. दोन तास खणून तापमापकांचं टोक सापडलं. मग ती मराठीत, बहुधा श्रीरंगला उद्देशून म्हणाली, "सर, नकाशा मला द्या, किती घड्या घालाल, फाटेल तो."

मी ओडवारच्या हातातून माइक घेतला. पाहुण्यांनी तो घ्यायचा नसतो. त्याने घेऊ दिला.

"दर्शना, मी वृंदा. तो आकडा मागचा आहे. आत्ता श्रीरंग पन्नासच्या आसपास आहे."

"वहिनी? बाण वर आहे हो. कडं म्हणतंय आपोआप सावरेल."

"आपोआप नाही सावरत. मी सावरते."

मग मी सगळं सांगितलं. आठ महिने, रोज साडेअकरा, वाटी, पंधरा ग्रॅम गूळ, एकदाही न नोंदलेला. त्याचं यकृत तसं नाही आणि प्रतिरूप जिची वाट बघतंय ती मदत येणार नाही. वर्गात प्रयोगाची रीत सांगते त्याच आवाजात मी हे बोलले. दर्शना एकदाही मध्ये बोलली नाही. तिने माझ्यावर चिडायला हवं होतं, पण तेवढा वेळ नव्हता.

तिने त्याला गोळ्या पुढे केल्या असाव्यात. मला त्याचा आवाज ऐकू आला, जड, शब्द ओढत. मला काही झालेलं नाही, चकती बघतेय ना, मला शिकवू नका. मग काहीतरी पडल्याचा आवाज. दर्शना म्हणाली, गोळ्या बर्फात गेल्या, दात आवळून बसलेत. तिच्याकडे नाकातून द्यायची औषधाची भुकटी होती. पण ती भुकटी यकृताला साठा मोकळा करायला सांगते. आणि दोन तास कुडकुडत खणल्यावर तिथे साठा किती उरला असेल, ते आम्हा दोघींनाही कळत होतं.

"दर्शना, खा म्हणू नकोस," मी म्हणाले. "थर्मासमधली आमटी झाकणात ओत. ग्लुकोजच्या दोन पुड्या घाल आणि ढवळ. मग म्हण, जरा चव बघता का. त्याच्याकडे बघू नकोस, दुसरं काहीतरी करत म्हण."

झाकण फिरवल्याचा आवाज आला. मग लांबून, पण स्पष्ट, तिचा आवाज. "सर, या आमटीची जरा चव बघता का? मला काही कळत नाहीये."

ओडवारला मराठी येत नव्हतं, तरी तो खिडकीकडे बघू लागला.

"गोड झालीये," श्रीरंग म्हणाला. "चिमूटभर मीठ घाल."

तोच सूर. ओट्यापाशी उभा राहून मला ज्या सुरात सांगायचा तोच, शब्दही तेच. तो सूर फक्त माझ्यासाठी आहे असं मी चोवीस वर्षं समजत होते. दर्शनाने त्याला पुन्हा चाखायला लावलं. पाव तासाने तिने सांगितलं की बोट टोचून बघितलं, एकसष्ट आहेत, सर नकाशा उलगडताहेत. तो वाचला याचा आनंद मला झाला, पण तो नंतर, जेवायला बसल्यावर. त्या खोलीत मला आधी मत्सर वाटला.

ते तीन वाजता परत आले. दर्शनाने बूट काढले, मोज्यांवर माझ्यापर्यंत चालत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सरांना रेडिओवरचं काही आठवत नाहीये. मी सांगितलेलं नाही. इंगरला पण थंडीच म्हणून सांगता येईल. पण मग मी त्यांना पुन्हा हिमनदीवर नेणार नाही वहिनी. तुम्ही ठरवा."

तिने मला सुटायची वाट ठेवली होती, आणि ती तिने ठेवावी याचाही मला राग आला. मी श्रीरंगच्या खोलीत गेले आणि त्याला सांगितलं. सांगायला चार मिनिटं लागली. त्याने मध्ये एकच गोष्ट विचारली, म्हणजे यकृत विशीतलं नाही? मी नाही म्हटलं. तो मोठ्याने बोलला नाही. पण आठ महिने आपण बरे होत आलो आहोत असं त्याला वाटत होतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून जाताना मी पाहिलं.

इंगर म्हणाली की मी नोंदी भरून दिल्या तर प्रतिरूप पुन्हा शिकेल. मी बसले. माझ्या स्वयंपाकाच्या आठवणी, सुट्या, सणवार, तो गावाला गेलेले दिवस, चकतीतल्या जुन्या वाचनांशी ताडून मी एकेक वाटी लिहिली. दोनशे सतरा वाट्या निघाल्या. प्रत्येकीपुढे दिवस, वेळ, गूळ आणि त्या क्षणाची साखर. संगणकाला नवं प्रतिरूप करायला चार तास लागले. यकृताची रेषा जवळजवळ सपाट आली. डोंगर होता तिथे पठार. इंगरने आलेख पाहिला आणि सांगितलं की आता चकती दिवे वेळेवर बंद करील, चार दिवस इथेच राहून पाहू, मग हा जाऊ शकेल. जोडीदार बदलायचा का, असंही तिने विचारलं. श्रीरंग काही बोलायच्या आत मी म्हटलं, नको, दर्शनाच असू दे.

दीड दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. दर्शनाला मात्र दर दोन तासांनी हात देत होता. चारच्या सुमारास मी जिन्यात जायचं टाळलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. त्या दिवशी साडेअकराला त्याची साखर अठ्ठ्याण्णव होती आणि वाटीची गरज पडली नव्हती. तो यादीचे कागद हातात घेऊन आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. कागद सरळ होते.

"यात शंभराच्या वर साखर असताना मला बोलावलंस, असं एकदा तरी आहे का?"

यादी मीच केली होती, बघायची गरज नव्हती. "नाही."

"आणि त्याआधीची तेवीस वर्षं?"

"तेव्हाही नाही."

त्याने मान हलवली. "मला वाटायचं, तुला माझं मत लागतं. मी दादालाही सांगायचो, हिचं माझ्याशिवाय पान हलत नाही स्वयंपाकात."

चकतीवर मी आठ महिने जळत होते, आणि तिच्यासारखीच मीही त्याला आकड्यावरून हाक मारत होते. ती निदान ते लपवत नव्हती.

यादीचं पान उलटत तो म्हणाला, "मी मीठ घाल म्हणायचो, त्याचं काय करायचीस?"

"घालायचे."

"त्या वाटीत?"

"वाटी तू संपवलेली असायचीस. पातेल्यात घालायचे."

"पातेल्यात कमी असायचं?"

"बरोबर असायचं."

"मग का घालायचीस?"

"तू सांगितलंस म्हणून."

त्याने कागद ओट्यावर ठेवले आणि पातेल्याकडे पाहिलं. "म्हणजे चोवीस वर्षं आपण खारट आमटी खातोय."

"थोडी खारट," मी म्हणाले. "तू चिमूटभरच सांगायचास."

तो हसला नाही, पण त्याच्या खांद्यातला ताण जरा उतरल्यासारखा वाटला. बाहेरून दर्शनाने हाक मारली, दोन वाजले होते. तो निघाला, आणि दारात थांबून वळला.

"उद्या बोलव," तो म्हणाला. "पातेल्यातलीच दे चाखायला. आणि केव्हा बोलवायचं, ते कड्याला विचारू नकोस."